अर्धा पासवर्ड

प्रमोद गेला तेव्हा मी बिबवेवाडीच्या आमच्या ऑफिसात एका गिऱ्हाइकावर फोनवरून खेकसत होते. मधेच सुनंदाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन येत होता आणि मी तो कापत होते. शेवटी उचलला तर ती रडत नव्हती. "मीनल, हे बाथरूममध्ये पडलेत आणि उठत नाहीयेत," एवढंच म्हणाली. मी पोचेपर्यंत त्याला दवाखान्यात नेलं होतं आणि दवाखान्यानं चादर तोंडावर ओढली होती. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. नातेवाईक म्हणाले, बीपी होतं, माणूस चिडका होता, असंच व्हायचं होतं. त्या "असंच व्हायचं होतं"ला मी तिथे गप्प बसले, कारण समोर त्याची मुलगी उभी होती. आता लिहिते आहे. प्रमोद वानखडे माझा धंद्यातला भागीदार होता, मित्र होता, आणि तो असाच गेला नाही. पुढे ज्या दोन भावांची गोष्ट येते त्यांची नावं मी बदलली आहेत. वकिलांनी बदलायला लावली, माझी इच्छा नव्हती.

चिडका होता हे मात्र शंभर टक्के खरं. यवतमाळकडचं घर, वडील खडकीच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात, त्यामुळे सगळं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. एरवी माझ्यापेक्षा शुद्ध पुणेरी बोलायचा, पण डोकं फिरलं की "काहून बे?" सुरू व्हायचं आणि समोरच्यानं समजून घ्यायचं. हिंजवडीला आम्ही एका कंपनीत होतो. तिथे आमच्या मॅनेजरनं गिऱ्हाइकासमोर छातीठोकपणे सांगितलं की बॅकअप रोज घेतला जातो. घेतला जात नव्हता. प्रमोद उठला, समोरचा कीबोर्ड उचलला आणि टेबलावर असा आपटला, पुन्हा आपटला, की बटणं उडून मॅनेजरच्या चहात पडली. त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. मीही राजीनामा दिला. त्याच्या प्रेमाखातर वगैरे नाही, त्या मॅनेजरचं थोबाड बघवेना म्हणून. मग पिठाच्या गिरणीवर एक खोली घेतली आणि दोघांनी धंदा मांडला. एक बाई आणि एक पुरुष एका खोलीत बसून नक्की काय करतात, असं खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं तेव्हा मी त्यांना सांगितलं, भांडतो, ऐकू येत नसेल तर मोठ्यानं भांडू. खोटं नव्हतं. फळ्यावरचं डस्टर आम्ही एकमेकांना फेकून मारलेलं आहे.

आमचं काम काय ते थोडक्यात सांगते. धंद्यात पूर्वी प्रत्येक कामाला वेगळं मशीन असायचं. बिलांना एक, मालाच्या नोंदींना एक, काट्याला एक. आता एकाच दणकट सर्व्हरच्या पोटात अशी दहा मशीन राहतात, एका इमारतीत दहा बिऱ्हाडं राहावीत तशी. ती इमारत सांभाळणारं जे सॉफ्टवेअर, तोच घरमालक. मध्यंतरी एका मोठ्या घरमालकाची कंपनी विकली गेली आणि नव्या धन्यानं भाडं असं काही वाढवलं की छोट्या धंदेवाल्यांचे डोळे पांढरे झाले. सगळे धावत सुटले : दुसरा घरमालक शोधा, बिऱ्हाडं तिकडे हलवा, आणि हलवताना एक भांडंही फुटता कामा नये. पर्याय तीन-चार होते. कुठे परवान्याची फी होती, काही फुकट होते पण बिघडलं तर विचारणार कुणाला, आणि क्लाउडवाले तर सगळंच उचलून आपल्या घरी न्यायला बसलेले. बाकीचे सल्लागार रंगीत तक्ते दाखवायचे. प्रमोद म्हणायचा, "तक्ते राहू दे. मर्डर करून बघू." म्हणजे प्रत्येक पर्याय जुन्या मशीनवर चढवायचा, त्यावर गिऱ्हाइकाचं खरं काम चालू करायचं, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मागे जाऊन चालत्या मशीनची वायर उपटायची. नुसतं बटण दाबणं नाही, उपटायची. मशीन धाडकन मरायचं, माणसं किंचाळायची, आणि तो घड्याळ न बघता उभा राहायचा. दुसऱ्या मशीनवर काम आपोआप उठलं तर तो पर्याय पास. "चालतंय तवर सगळेच शहाणे असतात बे. पडल्यावर उठतं का ते सांग," हे त्याचं म्हणणं.

हे दोघे भाऊ आमच्याकडे आले तेही या भाडेवाढीमुळेच. हिंजवडीच्या पलीकडचं शेतकरी घर. जमिनी आयटी पार्कात गेल्या, आलेल्या पैशातून शीतगृह बांधलं, ट्रक घेतले. थोरले नाना आवार आणि गाड्या बघायचे, धाकटा संपत एसी ऑफिसात बसायचा. वडील वारल्यापासून दोघांत वाटणीचं पेटलं होतं. नाना त्याला नावानं हाकच मारत नसत, "धाकले शेठ" म्हणत, आणि ते ऐकलं की संपतच्या कपाळाची शीर उठायची. पहिल्याच बैठकीत मी पर्याय समजावत होते आणि गाड्यांच्या डिझेलवरून दोघांची जुंपली. नानांनी स्टीलचा पेला भिरकावला, तो संपतच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं तरी तो पठ्ठ्या खुर्ची उचलून नानांच्या अंगावर गेला. मी लॅपटॉप मिटून पोटाशी धरला. प्रमोद मधे घुसला, खुर्ची हिसकावली, तिच्यावर स्वतः बसला आणि म्हणाला, "हं. मॅडम काय सांगत होत्या?" संपत रुमाल भुवईवर दाबून मोठ्यानं हसला. तेव्हापासून त्याला प्रमोद आवडायला लागला. मर्डरच्या दिवशी वायर आपणच उपटणार म्हणून हट्ट धरला संपतनं, आणि उपटताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला तेव्हाच खटकला होता.

फुकटातला पर्याय ठरला. शीतगृहाची सुट्टी सोमवारी असायची, म्हणून सोमवार-सोमवार करून भर दिवसा बिऱ्हाडं हलवायची असं ठरवलं. एक सोमवार अमावास्येचा निघाला तर नानांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. पुढच्या वेळी आम्ही मशीन मांडून बसलो, आणि नाना आत आले, आमच्या देखत रॅकच्या पायाशी फाडकन नारळ फोडला. पाणी थेट यूपीएसवर. ठिणगी उडाली, अंधार झाला, आणि त्या अंधारात प्रमोदनं नानांच्या सात पिढ्या वऱ्हाडीत काढल्या. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "आता कायबी व्हायचं न्हाई," म्हणाले. झालं नाही हेही खरं. सगळं सुखरूप हललं. शेवटी राहिला तो मुख्य पासवर्ड. तो ज्याच्या हातात, त्याच्या हातात अख्खा धंदा, जुने बॅकअप पुसण्याचा अधिकारसुद्धा. भागीदारीतल्या गिऱ्हाइकाकडे प्रमोदची पद्धत ठरलेली होती. पासवर्डचे दोन अर्धे करायचे. पहिला एकानं टाइप करायचा, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. मग दुसऱ्यानं. मी आणि त्यानं दोन्ही वेळा भिंतीकडेच. नाना एका बोटानं अक्षरं शोधत होते, संपत भिंतीकडे तोंड करून पाय आपटत होता, आणि प्रमोद डोळे मिटून उभा होता. अगदी एटीएमपाशी पुढचा माणूस बटणं दाबायला लागला तरी हा पाठ फिरवायचा, घरात बायको फोन उघडत असली तरी. एखाद्याचं कुलूप आपल्या डोळ्यांत राहू नये, म्हणायचा.

काही महिन्यांनी संपतनं त्याला बाजूला घेतलं. नानांच्या गोदामातल्या जुन्या नोंदी बदलायच्या होत्या, म्हणजे वाटणीच्या वेळी नाना चोर ठरतील. नोंदी बदलणं संपतला जमलं असतं. पण जुने बॅकअप खरं बोलत राहिले असते, आणि ते पुसायला दोन्ही अर्धे लागत होते. नानांचा अर्धा दे, म्हणाला. प्रमोद म्हणाला, मला माहीत नाही. संपतला वाटलं, पैसे मागतोय. त्यानं बरंच काही देऊ केलं. प्रमोद पुन्हा म्हणाला, माहीतच नाही, मी भिंतीकडे बघत होतो. मग फोड, संपत म्हणाला, तुला फोडता येतं. येत होतं. मशीनसमोर बसून, सगळं बंद करून फोडता आलं असतं. प्रमोदनं त्याला जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही, त्यात संपतच्या आईचा उल्लेख होता आणि तो आदरानं नव्हता. या जगात, ज्यानं कुलूप बसवलं त्याला किल्ली माहीत नसते यावर कुणाचा विश्वास बसत नाही. संपतचा तर कशावरच बसत नव्हता.

पुढच्या देखभालीला आम्ही गेलो तेव्हा नाना एका लग्नाला गावी गेलेले. दुपारची वेळ. मी सर्व्हरच्या खोलीत होते, प्रमोद गाडीतून केबल आणतो म्हणून मागच्या आवारात गेला. मला आधी आवाज आला... पोतं आपटल्यासारखा, पुन्हा पुन्हा. बाहेर धावले तर संपतची दोन माणसं ट्रकची चाकं खोलायच्या लोखंडी टॉमीनं त्याला मारत होती. तो एका हातानं डोकं झाकत होता, आणि तो हात मी बघता बघता कोपराखाली वाकडा झाला. हमाल फळीवर उभे राहून बघत होते; संपतच्या धाकानं पुढे नानांपाशीही कुणी तोंड उघडलं नाही. संपत दोन्ही हात खिशात घालून उभा होता आणि दर फटक्यानंतर विचारत होता, "सांगतो का?" प्रमोद ओरडत होता, "माहीत नाही मला, माहीत नाही." मी आत जाऊन भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर काढला. कसा उचलला देव जाणे. पहिल्याच्या पाठीत घातला, तो आडवा झाला. दुसऱ्याच्या तोंडावर पिन ओढून पांढरी पूड मारली, आणि तो डोळे चोळत असताना त्याच्या गुडघ्यावर तो रिकामा होत चाललेला सिलिंडर हाणला. हाड वाजलं. मला बरं वाटलं. आजही आठवलं की बरं वाटतं. संपतकडे वळले तर तो ऑफिसात शिरून आतून कडी लावत होता. प्रमोदच्या डोक्याची कातडी फाटून कानावर आली होती. त्याला एका टेम्पोत घातलं आणि डोकं मांडीवर घेऊन बसले. वाटेत हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये टेम्पो अडकला, आणि मी शेजारच्या कंपनीच्या बसमधल्या पोरापोरींना अशा शिव्या घातल्या की ड्रायव्हरनं बस फुटपाथवर चढवून वाट दिली.

दवाखान्यात पोलीस आला. अशा केसला येतोच. आणि प्रमोदनं त्याला सांगितलं, शिडीवरून पडलो. मला वाटलं डोक्याला मार लागल्यामुळे बरळतोय. पोलीस गेल्यावर मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, तर त्यानं धड हातानं माझं मनगट धरलं. मी औषधं आणायला खाली गेले होते तेवढ्यात संपत येऊन गेला होता. फुलं घेऊन. प्रमोदची मुलगी रुचा कॉलेजला कुठल्या बसनं जाते, कुठे उतरते, कुठल्या टपरीवर मैत्रिणींबरोबर थांबते, ते सगळं त्यानं प्रेमानं सांगितलं होतं. "मीनल, कुणाला सांगायचं नाही. तुला रुचाची शपथ," प्रमोद म्हणाला. मी त्याला भित्रा म्हटलं. अजून बरंच म्हटलं. त्यानं सगळं ऐकलं, मनगट मात्र सोडलं नाही. "मी असेपर्यंत नाही," म्हणाला. जिवंत मुलीची शपथ. काय करणार... गिळली. गिळली म्हणजे काय, घशात काटा अडकावा तशी अडकली.

हात बरा झाला, वाकडाच जुळला. डोकं दुखायचं ते राहिलं. स्क्रीनकडे बघता बघता एकदम डोळे मिटून टेबलावर कपाळ टेकायचा. मी म्हटलं, निदान त्या हरामखोरांचं काम तरी सोडू. तर म्हणाला, नानांनी काय घोडं मारलंय? आपण सोडलं तर संपत दुसरा कुणी आणेल आणि तो दोन दिवसांत फोडून देईल. म्हणून तो त्या जागी जात राहिला. डोक्याला टॉमी बसलेला माणूस ज्या आवारात ती बसली तिथूनच चालत सर्व्हरच्या खोलीत जायचा आणि मी त्याच्यामागून, पर्समध्ये पाना घेऊन. संपत समोर आला की "काय वानखडे साहेब, तब्येत?" विचारायचा. प्रमोद थांबून म्हणायचा, "उत्तम. तुमचे बॅकअपही उत्तम आहेत." अशा वेळी मला तो फार आवडायचा. डॉक्टर आता म्हणतात की त्या माराचा आणि रक्तस्रावाचा संबंध असू शकतो, नसूही शकतो. मी डॉक्टर नाही. मी ते फटके ऐकले आहेत.

दहाव्यानंतर शोकसभा झाली तिला संपत आला. पांढरे कपडे, हातात हार, आणि माईक घेऊन म्हणाला, देवमाणूस होता. तो हार फोटोला घालायला वाकला तेव्हा मी उठले, हार हिसकावला, पायाखाली घालून चुरडला आणि त्याला एक मुस्कटात दिली. माणसांनी मला धरून बाहेर नेलं. बाईच्या मनावर परिणाम झालाय, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी रुचा ऑफिसात आली. वयाची विशी ओलांडलेली, बापाचंच नाक, बापाचाच स्वभाव. बसली नाही. "मावशी, बाबा शिडीवरून पडले नव्हते ना?" शपथ तिच्याच नावाची होती, आणि ती घालणारा म्हणाला होता, मी असेपर्यंत. मी सांगितलं. सगळं. संपतनं तिच्या बसबद्दल काय म्हटलं होतं तेही. तिनं हुंदका वगैरे दिला नाही. फळ्याखालचं डस्टर उचललं आणि खिडकीवर असं मारलं की काच खाली गिरणीवाल्याच्या दारात पडली.

त्याच आठवड्यात भावांच्या दोनपैकी एक सर्व्हर मेला. दुसऱ्यावर काम चालू होतं, पण नवीन जोडल्याशिवाय भरवसा नव्हता, आणि जोडायला दोन्ही अर्धे लागत होते. महिनोन्‌महिने एकमेकांचं तोंड न बघितलेले ते दोघे त्या गार खोलीत आले. रुचा माझ्याबरोबर होती. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, लई गुणाचा मानूस गेला. त्या शिडीचं निमित्त झालं बघ."

"नाना, बाबा शिडीवरून पडले नाहीत," रुचा म्हणाली. "मागच्या आवारात त्यांना टॉमीनं मारलं. तुमचा अर्धा सांग म्हणून."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग ते दाराशी उभ्या असलेल्या भावाकडे वळले. "धाकले शेठ, ही पोरगी काय म्हनती?"

संपतनं नाही म्हटलं असतं तर काही सिद्ध होणार नव्हतं. पण तो चिडला. लहान पोर चिडतं तसा. "सांगितला असता त्यानं तर कोन कशाला हात लावतंय?" म्हणाला.

नानांच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती. ती त्यांनी संपतच्या तोंडावर मारली. नाक मोडल्याचा आवाज त्या पंख्यांच्या घरघरीतही नीट ऐकू आला. संपतनं हात उचलला नाही. नानांनी पुन्हा मारलं, मग बाटली टाकून दिली आणि खुर्चीत बसून कीबोर्ड पुढे ओढला. मी भिंतीकडे वळले, वर्षानुवर्षांची सवय. बघते तर रुचाही वळलेली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा पासवर्ड टाकताना नाना मनातल्या मनात अक्षरं शोधत होते, पण आज त्यांना धाप लागली होती आणि ते तोंडानं पुटपुटत होते. एस... ए... एम... पी... यू. मग जरा थांबून बी, ए, एल.

संपूबाळ. धाकट्याला खांद्यावर बसवून शाळेत नेताना नाना याच नावानं हाक मारायचे, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी एवढंच कळलं की मागे संपत दाराला घासत खाली बसला. मला दया आली नाही. येणारही नाही. ह्या माणसानं माझा मित्र मारला, आणि जे हवं होतं ते त्याचं स्वतःचंच नाव होतं. भावाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, बस. रुचा भिंतीकडे बघतच म्हणाली, "आता तुमचा टाका. बाहेर गाड्या खोळंबल्यात." त्यानं उठून टाकला. बटणांवर रक्त पडलं. मी ते पुसलं आणि काम नीट पूर्ण केलं, कारण ते प्रमोदचं काम होतं.

तिथून आम्ही तिघं पोलिसांत गेलो, मी, रुचा आणि नाना. साहेबांनी दवाखान्यातला जुना कागद मागवला आणि आमच्यापुढे ठेवला. शिडीवरून पडून, खाली प्रमोदची वाकडी सही. तुमच्या वडिलांनीच लिहून दिलंय, ते म्हणाले, आता यावर काय टिकणार? खटला उभा राहील की नाही, मला ठाऊक नाही. नानांना त्यांनी विचारलं, ज्याच्याविरुद्ध बोलताय तो तुमचा कोण? "भाऊ," नाना म्हणाले. "लिवा तुमी." मग साहेबांनी रुचाकडे बघितलं. ती खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती. "माझ्यासाठी खोटं बोलले ते," म्हणाली. "आता माझं लिहा. माझे वडील पडले नाहीत."